दोनशे अठ्ठ्याऐंशी

"परत घ्या ना, ताई. तीनदा पुसलंय टेबल मी," सफाईवाली मावशी म्हणाली.

मोठ्या बाईंनी यंत्रावर बोट आपटलं. "दोनशे अठ्ठ्याऐंशी. आकडा तीसच्या आत हवा. वर्षात तिसऱ्यांदा. उद्यापासून येऊ नकोस."

"बावीस वर्षं झाली, बाई."

"बावीस वर्षं काय पुसत होतीस, देव जाणे!"

तपासनीस ताई मान खाली घालून उभी राहिली. दवाखान्यातल्या नवजात बाळांच्या दुधाच्या बाटल्या या टेबलावर भरत. रोज ती त्यावरून कापसाची काडी फिरवायची आणि नळीत घालून यंत्रात ठेवायची. नळीतल्या रसायनाला, काजव्यात असतं तसल्याच, एटीपी भेटलं की उजेड पडायचा; जितका उजेड, तितका आकडा. एटीपी म्हणजे एक न्यूक्लिओटाइड, पेशीतला एक छोटासा रेणू. हलायला, वाढायला, डागडुजीला पेशीला ताकद पुरवतं ते हेच. जंतू असो की माणूस, जिवंत काही टेबलाला शिवलं की ते मागे राहतं. कॉलेजात या धड्यात तिला पैकीच्या पैकी मिळाले होते.

चष्मा वर सारायला तिनं हात नेला आणि बोटाला दुधाचा वास आला.

घरी तिचं चार महिन्यांचं बाळ. अर्ध्या तासापूर्वी सामानाच्या खोलीत तिनं दूध काढलं, तेव्हा दाराशी पाठ करून मावशीच उभी होती. "काढा निवांत. कोणी आलं तर उंदीर शिरलाय म्हणून सांगते." मग घाई झाली. हात कोटालाच पुसले, हातमोजे घालायचे राहिले, आणि काडी ओढताना कापूस बोटाला घासला. आईचं दूध म्हणजे जिवंत पेशीच पेशी.

"बाई, एकदा परत..."

"का? तुझं काही चुकलं?"

तिची नोकरी अजून कच्ची होती. पक्की व्हायला बारा दिवस उरले होते.

"नाही," ती म्हणाली.

आकडा उतरल्याशिवाय खोली उघडता येत नव्हती. मावशीनं टेबल पुन्हा पुसलं. ताईनं कोपरापर्यंत हात धुतले, मोजे चढवले, नवी काडी फिरवली. अकरा.

"बघ!" मोठ्या बाई म्हणाल्या. "मनात आणलं की जमतं. मघाशी काय हात मोडले होते? उद्याचं मात्र तेच." आणि त्या निघून गेल्या.

मावशी आपले तळवे उलटसुलट करून बघत राहिली. "ताई, तुम्ही शिकलेल्या. माझ्या हातातच काही आहे का हो? घरी नातवाला मीच भरवते."

"सगळ्यांच्याच हातात असतं, मावशी," ताई म्हणाली. खोटं नव्हतं ते. "थोडं थोडं."

"माझ्यात जास्त असेल."

मावशीनं एप्रन काढून घडी घातली. दाराला तिनं हात लावला नाही. कोपरानं ते लोटलं आणि आपटू नये म्हणून पावलानं अडवून हळूच सोडलं. पलीकडे बाळं झोपली होती.