बारा किलो

"काका, साडेचौदा भरतंय."

काटाकाकांनी आधी काट्याकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे. सकाळी घराला कुलूप लावताना याच हातानं पिशवी उचलून पाहिली होती. बरोब्बर बारा. बोटीवर माणशी बारा किलोच नेता येतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. एकतीस वर्षं याच धक्क्यावर, याच खिडकीत बसून त्यांनी लोकांचं सामान तोललं होतं. काट्यावर ठेवायच्या आधी नुसतं उचलून आकडा सांगत, म्हणून तर हे नाव पडलं होतं.

"काटा बिघडलाय," ते म्हणाले.

त्यांच्या जागी आलेल्या मुलीनं पाच किलोचं वजन ठेवलं. काटा पाचावर थांबला.

"जाऊ द्या हो काका. तुम्हाला कोण अडवणार?"

"नाही नाही. काढतो काहीतरी."

पिशवीची चेन अडकली. मागून एक जण म्हणाला, "आजोबा, अख्खा संसार घेऊन निघालात की काय?"

काकांचे कान तापले. हे वाक्य त्यांचंच होतं. दिवसातून दहादा म्हणायचे, आणि रांग हसायची.

कपडे निघाले, गोळ्यांचा डबा निघाला. तळाशी टॉवेलात गुंडाळलेली इस्त्री.

"इस्त्री?" मुलीनं वाकून पाहिलं. "वायर तर तुटलीय. ही कशाला नेताय?"

काकांनी टॉवेल पुन्हा गुंडाळला. उत्तर आहे असं वाटलं होतं; शोधायला गेले तर जागेवर नव्हतं. लेक फोनवर म्हणाली होती, "बाबा, इथे सगळं आहे. तुम्ही फक्त या." म्हणून तर त्यांनी कपाट दिलं, भांडी दिली, खोलीची किल्ली मालकाला देऊन टाकली. बायकोचे कपडेसुद्धा दिले. इस्त्री मात्र पिशवीत कशी आली, ते आठवेना.

बायको रोज सकाळी त्यांचा युनिफॉर्म इस्त्री करायची. म्हणायची, "दुसऱ्याला शिस्त लावणारा माणूस चुरगळलेला बरा दिसत नाही." दोन वर्षं झाली तिला जाऊन. एकतीस वर्षांत त्यांनी स्वतः ती इस्त्री एकदाही हातात धरली नव्हती.

त्यांनी दोन शर्ट आणि स्वेटर बाजूला ठेवून इस्त्री आत टाकली.

"काका, तिकडे थंडी असते. घालणार काय?"

बरोबर होतं. स्वेटर आत, इस्त्री बाहेर. मग पुन्हा इस्त्री आत. मग काय बाहेर काढायचं होतं तेच विसरले. एव्हाना मागच्या माणसानं आपलं सामान खाली ठेवलं होतं.

"इथं राहू दे," मुलगी हळूच म्हणाली. "मी सांभाळते. पुढच्या खेपेला न्या."

पुढची खेप नव्हती. दोघांनाही ते माहीत होतं.

खिडकीतून वारा आला आणि टेबलावरच्या पावत्या फडफडल्या. मुलीनं सवयीनं त्यांवर कोपर टेकवलं. काकांनीही एकतीस वर्षं तसंच टेकवलं होतं. त्यांनी टॉवेल सोडवला आणि इस्त्री पावत्यांवर ठेवली. जरा सरळ केली.

बाकी सगळं परत भरून पिशवी काट्यावर गेली. बारा.

"एक सांगू का?" ते निघता निघता म्हणाले. "किती भरलं ते सांगत जा. कशाला नेता, ते विचारू नकोस."

"चुकलं का काका माझं?"

"तुझं नाही गं."

बोटीत चढताना त्यांनी पिशवी उचलून पाहिली. हाताला ती सकाळी लागली होती तेवढीच लागली. बाराच. त्यांनी हात बदलून पाहिला. तरी बाराच. मग सकाळी ते अडीच किलो कुठे होते?

बोट सुटली. ते मागे वळून पाहत राहिले. खिडकीत मुलीनं पावती फाडली, इस्त्री दोन्ही हातांनी उचलली, पावती खाली सरकवली आणि इस्त्री परत जागेवर ठेवली. वारा बराच होता. पावत्या हलत नव्हत्या.