लाल थर

अहवालाचं सोळावं पान वाचलं आणि दगडूताईचं डोकंच फिरलं. खडक तपासायच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं दगड कापून तिला हे नाव पडलं होतं. डोंगरातून बोगदा जाणार होता आणि भोकं पाडून काढलेले नमुने तिनेच तपासले होते. अठ्ठावीस मीटर खोलीवर, नेमका बोगद्याच्या वाटेत, लाल मातीचा थर आहे, हे तिने ठळक लिहून दिलं होतं. छापील अहवालात तो थर गायब. त्या जागी 'सलग कठीण काळा पाषाण'. खाली सही बोगद्याच्या सल्लागाराची, म्हणजे तिच्या सरांची.

ज्यांनी तिला दगड वाचायला शिकवलं, त्यांनीच हे करावं? तिने नमुन्यांची पेटी उचलली आणि तरातरा त्यांचं ऑफिस गाठलं.

सरांनी बसायला सांगितलं. ती बसली नाही. एवढ्याशा थरापायी काम वर्षभर रखडेल, वरून दबाव आहे, असं ते समजावू लागले. बाकी दगड तर पक्काच आहे ना, म्हणाले.

"लाव्हा एका दमात आला नाही, हे तुम्हीच शिकवलंत सर," ती म्हणाली. "एक लोट आला, थिजला. हजारो वर्षं ऊनपाऊस खाऊन त्याच्या माथ्याची माती झाली. मग तिच्यावर दुसरा लोट. वरचा दगड काळा, खालचाही काळा. दोन्हींतली फेल्डस्पार, पायरॉक्सिन ही खनिजं मला तोंडपाठ आहेत. पण मधे हे आहे."

तिने लाल तुकडा त्यांच्या पाण्याच्या ग्लासात टाकला. बघता बघता त्याचा चिखल झाला.

सरांनी ग्लास बाजूला सारला. मग हळूच म्हणाले, "सही होऊन गेलीय गं."

ती निघाली ती थेट बोगद्याच्या तोंडाशी. तिथल्या मुकादमाला तिने दुसरा तुकडा भिजवून दाखवला. त्याने तो चिखल बोटांत चोळला आणि माणसं आत पाठवायला साफ नकार दिला. काम दोन आठवडे ठप्प. शेवटी बोगदा खालच्या अखंड दगडातून न्यायचं ठरलं.

नवा अहवाल आला. लाल थर सल्लागारांच्या नजरेस आला, असं त्यात छापलं होतं. संतापाने तिचे कान तापले. तिने त्या ओळीवर काट मारली, खाली लिहिलं, 'सर, निदान हे तरी खरं लिहायचं होतं,' आणि प्रत त्यांना धाडून दिली.

पुढे सर निवृत्त झाले. त्यांच्या निरोप समारंभाला ती गेली नाही.