कुलपापुढचा उत्तररंग

इतवारीच्या धान्यबाजारात बायांसाठी एकच संडास, आणि त्याला दोन वर्षांपासून कुलूप. आत कंत्राटदाराची पोती. धान्य निवडणाऱ्या बाया मग दिवसभर पाण्याला तोंडच लावत नसत. त्यांच्यातलीच जयवंता कुसुमताईंच्या कीर्तनात झांज धरायची. गेल्या एकादशीला ऐन गजरात ती पोट धरून खाली बसली. डॉक्टर म्हणाले, मूतखडा आहे, भरपूर पाणी पी.

"कशी पिऊ ताई?" जयवंता कण्हत म्हणाली. "प्यालं का जावं लागते. जाऊ कुठी?"

कुसुमताईंना त्या रात्री भजन गोड लागेना. वॉर्डाच्या कचेरीत तीन अर्ज देऊन झाले होते. चौथा त्यांनी देवाच्याच दरबारात घालायचं ठरवलं: भर दुपारी, त्याच कुलपापुढं.

पेटीवाले देवराव तडकले. "नारदाची गादी संडासापुढं? देवाले वास नाई येत काय?"

"बायांले रोज येते. त्याले एक दिवस येऊ द्या."

"लोकं हासतीन ना!"

"हासू द्या. तुम्ही काळी चारचा सूर धरा."

देवरावांनी पेटी आणली, पण नाकाला रुमाल बांधून.

पूर्वरंग असा रंगला की हमाल, दलाल, निवडणाऱ्या बाया, सगळे रस्त्यावरच मांडी घालून बसले. हातगाड्या, टेम्पो जागच्या जागी. बुक्का लावून झाला आणि ताईंनी चिपळ्या खाली ठेवल्या.

"उत्तररंगात उष्ट्या पत्रावळी उचलणारा कृष्ण आहे. पण सेवेला तो आत शिरणार कसा? दाराला कुलूप. ते निघालं की गोष्ट पुढं."

बाया खो खो हसल्या. नामाचा गजर सुरू झाला. अर्ध्या तासात बाजारभर बोंब झाली आणि वॉर्डाचे अधिकारी मधुसूदनसाहेब घाम पुसत आले.

"रस्ता मोकळा करा!"

म्हातारे हमाल महादेवराव म्हणाले, "पयले बसा, साहेब. कीर्तनात आयकणारा उभ्यानं बोलत नाई."

साहेब लहानपणच्या सवयीनं बसले. कुणीतरी कपाळाला बुक्का लावला. बसले ते अडकलेच, कारण आरतीआधी कीर्तनातून उठायचं नाही ही घरची शिकवण.

थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले, "ताई, आटपा ना. मला आरतीशिवाय उठता येत नाही."

"आम्हालाही करायची आहेच की आरती. चावी?"

"ती कंत्राटदाराकडे आहे."

"फोन तं बसल्या बसल्या करता येते," मागून एक बाई बोलली.

साहेबांनी फोन लावला. गजर चालूच होता. वीस मिनिटांत चावी आली. कुलूप निघालं, हमालांनी पोती ओढून रस्त्यावर टाकली. आतली घाण पाहून सगळे जरा मागं सरले. देवरावांनी मात्र रुमाल सोडला, धोतर खोचलं आणि बादली उचलली.

"काय पाहता गा? पत्रावळीच हायेत म्हना!"

धुऊन स्वच्छ झालं तशा ताईंनी चिपळ्या उचलल्या. तोच जयवंता उठली.

"थांबा ना ताई! किष्णाले दोन मिनिटं दम धरू द्या. पयले मले जाऊ द्या."

कृष्ण थांबला. साहेबही थांबले.

जयवंता बाहेर आली. ताईंनी आपला पाण्याचा तांब्या तिच्या हाती दिला. तिनं तो सगळ्यांदेखत घटाघटा रिकामा केला, तोंड पुसलं आणि म्हणाली,

"अजून द्या."