जाळीमागचे तीन सिलिंडर

मी एका जुन्या ट्रॅक्टरचे तीन सिलिंडरचे इंजिन आहे. पण मित्रांनो, तो ट्रॅक्टर आता नाही. प्रशिक्षण केंद्राच्या मागच्या खोलीत मला लोखंडी घोडीवर बोल्टांनी जखडले आहे. आतले दिसावे म्हणून माझ्या पोटाला करवतीने खिडकी पाडली आहे.

मी पुष्कळ वर्षे नांगर ओढला. माझी मालकीण अंगणातूनच म्हणायची, "आज आवाज बसलाय याचा, फिल्टर चोंदला असणार." आणि तसेच असायचे. मग एकदा उतारावर ट्रॅक्टर उलटला. गिअरबॉक्स फुटला, मी मात्र धड राहिलो. वाटले, दुसरा ट्रॅक्टर मिळेल. मिळाली ही खोली.

माझ्या एका बाजूला एका सिलिंडरचे इंजिन आहे, दुसऱ्या बाजूला चारचे. डिझेल कुणालाच नाही. मला तेवढी पट्ट्याने विजेची मोटर जोडली आहे. बटण दाबले की ती मला फिरवते. धूर नाही, ऊब नाही. स्वतःच्या जोरावर रान उलथणाऱ्याला कुणीतरी हात धरून नाचवावे, तसे मला होते.

शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. आम्हा तिघांवर हात ठेवत त्या एकदा सांगत होत्या, "एकवाल्याला क्रँकच्या, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदाच जोर मिळतो. म्हणून तो धडधडतो, त्याला गती टिकवणारं जड चाक, फ्लायव्हील, लागतं. तीनवाल्याला तेवढ्यातच तीनदा मिळतो, चारवाल्याला चारदा. त्याचं चालणं सलग."

"मग चारवालाच घ्यावा की!" एक मुलगी म्हणाली. तिची बडबड थांबत नसे, म्हणून वर्गाने तिचे नाव रेडिओ ठेवले होते.

"घे की. पण भाग जास्त, दुरुस्तीही जास्त. आणि नुसती संख्या मोजू नकोस, सिलिंडर केवढे आहेत तेही बघ. आधी काम काय आहे ते ठरव."

ताईंनी बटण दाबले, मी फिरू लागलो आणि रेडिओ बघायला वाकली. थंडीचे दिवस होते, तिच्या गळ्यात मफलर होता. नीट दिसावे म्हणून पट्ट्यावरचे झाकण ताईंनी काढून ठेवले होते. मफलरचे टोक पट्ट्यात गेले.

मित्रांनो, मला थांबायचे होते. जीव तोडून थांबायचे होते. पण मी फिरत राहिलो आणि तिला ओढत राहिलो. ताईंनी झेप घेऊन बटण बंद केले, तरी माझे चाक आणखी थोडे फिरलेच. मग कुणीतरी कात्रीने मफलर कापला.

ती वाचली. पण कितीतरी दिवस वर्गात तिचा आवाज नव्हता. ताईंनी माझ्याभोवती लोखंडी जाळी बसवली आणि माझे बटण कुणी दाबेना. मी आणखीच कोंडला गेलो.

एक दिवस रेडिओ परत आली. आवाज अजून घोगरा होता.

"ताई, चालू करा ना. लांबून बघते."

ताईंचा हात उठेना.

"बरं, मग मी दाबू?" असे म्हणत तिनेच जाळीबाहेरचे बटण दाबले. मी फिरू लागलो. ताईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

मला अजूनही शेतात जावेसे वाटते. ही जाळी टोचते. तरी सांगतो, ती काढू नका. फिरत्या यंत्राजवळ जाल तेव्हा सैल कपडे आणि मोकळे केस आवरा. झाकण जागेवर आहे ना, ते आधी बघा. आम्हाला आपले आपण थांबता येत नाही हो.