उजवीकडे बसणारी

मारीजचा पाय गाडीच्या तळावर जोरात दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता. ब्रेक डावीकडे, तिच्या वडिलांच्या पायाखाली होता आणि तो त्यांनी ती ओरडल्यावरच दाबला. उजव्या गल्लीतून निघालेला ट्रॅक्टर अगदी नाकासमोरून गेला. मागे डिकीत शेवंतीच्या दोन कुंड्या एकमेकींवर आपटल्या.

"तळ फोडशील," रोलाँ म्हणाले. "गाडी जुनी आहे."

"पापा, तो उजवीकडून येत होता."

"मला शिकवतेस? तुझ्या जन्माआधीपासून उजवीकडून येणाऱ्यांना वाट देतोय मी."

ते खरे होते. पाटी नसली तर गल्ली कितीही क्षुल्लक असो, उजवीकडून येणाऱ्याने आधी जायचे, हे या भागात मुले चालायला लागण्याआधी शिकतात. म्हणूनच मारीजला सकाळपासून कळत नव्हते. मार्तेलच्या वेशीत ते एका रिकाम्या बोळापाशी उगाच थांबून राहिले होते. पुढच्या गावात एका मोटरसायकलपुढे सरळ घुसले होते. आणि आता हा ट्रॅक्टर.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, गेलेल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंती ठेवायची ही फेरी ते दरवर्षी करत. मार्तेलला त्यांचे आईवडील, लुब्रेसाकला धाकटा भाऊ. यंदा एक कुंडी जास्त होती. मारीजची आई जूनमध्ये गेली आणि तिच्या इच्छेप्रमाणे तिला माहेरच्या माणसांत, कारेनाकला पुरले होते.

"गाडीची किल्ली घेऊनच नीघ," तियेरीने, तिच्या भावाने, फोनवर बजावले होते. "त्यांनी कुणाला उडवलं तर काय तोंड दाखवायचं?" मारीज हो म्हणाली होती. पण वडिलांचे घर अक्रोडाच्या बागांमध्ये एकटे होते. पाव आणायलाही गाडी काढावी लागे. किल्ली गेली की पाठोपाठ ते घरही जाणार होते.

"तियेरीने सांगून पाठवलंय ना?" रस्ता चढणीला लागल्यावर रोलाँ म्हणाले.

"काय?"

"त्याचा फोन आला की तू अंगणात जातेस. प्रेमात पडलेल्या पोरी जातात तशी. पन्नाशीला शोभत नाही."

मारीज हसली नाही. तिचे लक्ष पुढच्या वळणावर होते. तिथे उजवीकडे एक फाटक उघडे दिसत होते.

लुब्रेसाकला काकाच्या थडग्यावर कुंडी ठेवून ते जेवायला बसले. मारीज समोर बसणार होती, पण त्यांनी आपल्या उजव्या हाताची खुर्ची ओढून दिली. आई नेहमी तिथेच बसायची. खानावळवालीने अळंब्यांचे ऑम्लेट आणले, पावाची टोपली ठेवली आणि आईबद्दल दोन शब्द बोलून ती गेली.

"पाव विसरली बघ," रोलाँ म्हणाले. "पूर्वी अशी नव्हती."

टोपली त्यांच्या उजव्या कोपरालगत होती.

मारीजने ती हळूच डावीकडे सरकवली. त्यांनी पाव तोडला. मग त्यांचा हात थांबला.

"केव्हापासून?" तिने विचारले.

"ल्युसीच्या लग्नाआधीपासून," ते ऑम्लेटकडे बघत म्हणाले. ल्युसी ही तियेरीची मुलगी. तिचा मुलगा आता शाळेत जात होता. "एका डोळ्यानेही माणूस बघतो. डावा छान आहे."

"डॉक्टरांना माहीत आहे?"

"डोळ्याचं माहीत आहे. गाडीचं त्यांनी विचारलं नाही."

"आणि आई..."

"जेव. गार होतंय."

मारीजला इस्पितळातला शेवटचा आठवडा आठवला. आई अर्धवट ग्लानीत होती. डोळे मिटून म्हणायची, "काही नाही. जा तू." सगळ्यांना वाटले, ती वडिलांना घरी जायला सांगते आहे किंवा त्याहून मोठे काही. तियेरी बाहेर जाऊन रडला होता. वडील मात्र तिच्या उशाशी वाकून इतकेच म्हणाले होते, "थांबतो जरा."

खानावळीबाहेर मारीजने हात पुढे केला.

"आता मी चालवते."

"तुझ्या आईकडे मी नेणार तुला." त्यांनी किल्ली मुठीत धरली होती. "हाकेच्या अंतरावर आहे, मारीज."

ती पुन्हा उजवीकडे बसली. पहिल्या गल्लीपाशी त्यांनी वेग कमी केला आणि समोर बघतच विचारले, "उजवीकडे?"

मारीजने पुढे वाकून गल्लीत पाहिले. "काही नाही."

गाडी पुढे गेली. कारेनाक येईपर्यंत त्यांनी असे अनेकदा विचारले आणि प्रत्येक वेळी ती काचेला नाक लावून दोनदा बघत राहिली. एकदा ती "थांबा" म्हणाली, कुत्रे होते. आईने हे इतकी वर्षे केले आणि वर विणकामही केले.

थडग्यावर अजून नाव कोरले नव्हते. रोलाँनी कुंडी ठेवली, थोडी फिरवली, पुन्हा पहिल्यासारखी केली.

निघाल्यावर चर्चजवळच्या चौकात गाडी थांबली. उजवीकडची गल्ली नदीपर्यंत रिकामी दिसत होती.

"उजवीकडे?"

मारीज बघत होती. तिला फक्त दोन शब्द म्हणायचे होते.

मागे एक गाडी येऊन उभी राहिली. तिच्या चालकाने हॉर्न दिला.

"मारीज?"

"परवा मी ल्योंला घरी परत जाणार, पापा," ती म्हणाली. "मग कोणाला विचाराल?"

मागची गाडी वळसा घालून निघून गेली. रोलाँचे हात स्टिअरिंगवर तसेच होते. मग त्यांनी इंजिन बंद केले, उतरले, बोनेटला हात टेकत गाडीला वळसा घातला आणि तिच्या बाजूचे दार उघडले.

"तुझ्या आईला चालवता यायचं नाही," ते म्हणाले. "नाहीतर केव्हाच बसलो असतो इथे."

मारीज पलीकडे गेली. तिने आरसा नीट केला, पट्टा लावला, पण गाडी सुरू केली नाही. वडील उजवीकडे बसून तिच्याकडे बघत होते. बराच वेळ बघत होते.

"काय झालं?"

"इथून दिसतेस तू," ते म्हणाले. "तिकडे बसलो की नुसता आवाज यायचा तिचा."