खुंटीवरची माळ

चिंताकी गावाच्या पुढे कच्च्या रस्त्याला लागून अमृतप्पाची आमराई आहे. रविवारी सकाळी तिथे जत्रेसारखी गर्दी लोटते. औरादकडून जीपगाड्या येतात, उदगीरकडून येतात, तेलंगणातून टमटम भरभरून येतात आणि प्रत्येक गाडीतून एखादं पिवळ्या डोळ्यांचं माणूस दोघांच्या खांद्यावर हात टाकून उतरतं. त्या रविवारी चंद्रभागाबाई आपल्या धाकट्या लेकीला, पिंकीला घेऊन उतरल्या. पिंकीला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून चारच दिवसांपूर्वी त्यांनी तिला सासरहून आणलं होतं, आणि आल्या आल्या पोरीचे डोळे हळदीसारखे झाले होते.

अमृतप्पा आंब्याखाली चटई टाकून बसला होता. शेजारी ओलं पोतं आणि पोत्यात बांधावरून उपटून आणलेल्या घेटुळी नावाच्या रानभाजीच्या रसरशीत काड्या. पेराएवढा एकेक तुकडा तोडायचा, त्याला दोऱ्याचा वेढा घालून एक गाठ मारायची, लगेच दुसरा तुकडा घ्यायचा. हात भराभर चालायचा आणि तोंड हाताच्याही पुढे.

“ही साधी माळ न्हाई, मावशी. एकशे आठ काड्या, एकशे आठ मंतर. कावीळ डोस्क्यातून उतरती, छातीतून उतरती, पायाच्या अंगठ्यातून भाईर पडती. जितका रोग वढती तितकी माळ लांबती. पायाला टेकली की रोग खलास. पण सुई टोचली की मंतर फुटला. पाणी लागलं की मंतर इझला. आंघोळ बंद, दवाखाना बंद.”

“पोटुशी हाय लेक. काई भ्याव न्हाई ना?” चंद्रभागाबाईंनी विचारलं.

“दोन जिवांची कावीळ एकाच माळंत काढतंव. माझं काय हाय, करणारा वर बसलाय.”

वरच्याला एवढं कामाला लावून अमृतप्पाने पिंकीच्या गळ्यात माळ घातली. तेव्हा ती गळ्याच्या खाली चार बोटं उतरली होती. सोमवारी ती छातीपर्यंत आली, मंगळवारी आणखी खाली. चंद्रभागाबाई रोज सकाळी देवाला दिवा लावून झाला की लेकीसमोर बसून माळ विती-विती मोजायच्या. शेजारणी बघायला यायच्या, हात जोडायच्या. माळ लांबत होती हे खरंच होतं, त्यात कुणाची काही लबाडी दिसत नव्हती. आणि अमृतप्पाच्या माळेने बरे झालेले लोक गावागावांत होते, तेही खरं होतं.

थोरली लेक मंजुश्री बुधवारी आली. ती औरादला मराठी शाळेत शिकवायची. दर शनिवारी दप्तराला सुट्टी देऊन पोरांकडून काही ना काही करून घ्यायची. कधी करवंटीत मटकी रुजवायची, कधी पानांना रंग लावून त्यांचे ठसे घ्यायचे, कधी कागदाला हळद लावून त्यावर साबणाच्या पाण्याने नाव लिहायचं, म्हणजे ते लाल उठतं. “ऐकलं ते खरं मानायचं न्हाई, घरी करून बघायचं,” हे तिचं वाक्य वर्गातल्या प्रत्येक पोराला पाठ होतं.

आल्या आल्या तिने पिंकीचे डोळे पाहिले. “माय, हिला आत्ताच्या आत्ता बीदरला नेऊ. पोटुशीला कावीळ लै वाईट असती.”

“माळ बेंबीला आलीय, मंजू. चालत्या गाड्याला खीळ कामून घालायलीस? सुई टोचली तर सगळं पाण्यात जाईल. माहेरपणाला आणलेली लेक हाय, तिला काई झालं तर मी तिच्या सासरी तोंड कसं दाखवू?”

मंजुश्रीने पिंकीकडे पाहिलं. पिंकी थकून हसली. “आक्का, रविवारपत्तुर थांबू की. मायचं मन कामून मोडायचं?”

मंजुश्री थांबली. पुढे आयुष्यभर ती स्वतःला विचारणार होती की आपण का थांबलो. आईशी भांडण नको म्हणून, पिंकीने म्हटलं म्हणून, आणि थोडं यासाठीही की माळ डोळ्यांदेखत लांबत होती आणि ती का लांबते हे तिला सांगता येत नव्हतं. शिकलेलं माणूसही अशा जागी गप्प बसतं. शुक्रवारी सकाळी पिंकी काहीतरी असंबद्ध बोलू लागली, आईला ओळखेना. जीप करून बीदरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुई टोचली, सलाईन लावली, आणि दुपारच्या आत बाहेर येऊन मान खाली घातली. पिंकी गेली आणि पोटातलं लेकरूही गेलं.

माळ तेव्हाही गळ्यातच होती. चंद्रभागाबाईंनी ती काढून घेतली, घरी आणली आणि पिंकीच्या साड्या ज्या खुंटीला होत्या तिथे अडकवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या एकच सांगत. “माळ लागू पडली होती, बाई. मांडीपत्तुर आली होती. दोन दिस कमी पडले. माझ्या पोरीचं नशीब खोटं निघालं, माळ खोटी न्हाई.” त्या एवढ्याशा आधारावर त्या उठत होत्या, भाकरी थापत होत्या. लेकीसाठी करायचं ते आपण केलं, बाकी देवाच्या हाती होतं, या विचाराने त्यांना निदान झोप लागत होती.

तेराव्यानंतर मंजुश्री पिंकीच्या साड्या घडी करायला खुंटीपाशी गेली. माळ अडकवली त्या दिवशी तिचं खालचं टोक पिठाच्या डब्याच्या झाकणाला लागत होतं, हे तिच्या नीट लक्षात होतं. आता टोक डब्याच्या बुडापाशी लोंबत होतं. आधी तिला वाटलं, खुंटी ढिली झाली. तिने खुंटी हलवून पाहिली, ती घट्ट होती. माळ हातभर लांबली होती. माणूस जाऊन दोन आठवडे झाले तरी माळ कावीळ ओढतच होती, आणि ओढत होती ती भिंतीतल्या लाकडाच्या खुंटीतून.

ती माळ मांडीवर घेऊन बसली. काड्या वाळून बारीक झाल्या होत्या. ज्या वेढ्यात काडी सुरुवातीला गच्च बसली होती, त्यात ती आता आजारी बाईच्या हातातल्या बांगडीसारखी सैल फिरत होती. काडी बारीक झाली की वेढ्यातला दोरा सुटायचा आणि लांबीला मिळायचा. एका काडीमागे गव्हाच्या दाण्याएवढा, पण काड्या एकशे आठ होत्या. पोतं ओलं का, आंघोळ बंद का, हेही तिला आता कळलं. बांधताना काड्या फुगलेल्या हव्यात, आणि नंतर पाणी लागलं असतं तर त्या पुन्हा फुगल्या असत्या आणि मंतर उघडा पडला असता.

मग मंजुश्रीने ते केलं जे तिने त्या बुधवारीच करायला हवं होतं. बांधावर जाऊन घेटुळी उपटून आणली आणि तशाच वेढ्याच्या गाठी मारत एकसारख्या तीन माळा बांधल्या. मंत्राच्या जागी तिने बेचा पाढा म्हटला. एक माळ लाल भोपळ्याला घातली, एक खिळ्याला लावली, एक ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली. चार दिवसांत भोपळ्याची कावीळ हातभर उतरली, खिळ्याचीही तेवढीच उतरली. ओल्या फडक्यातली माळ होती तेवढीच राहिली. कुठल्याही पोराला घरी करता येईल असा हा साधा खेळ होता. वर्गभर पोरांना सगळं करून बघायला लावणाऱ्या बाईने ही एक गोष्ट बहीण जिवंत असताना करून बघितली नव्हती, आणि हे तिच्या काळजाला घरं पाडत होतं.

तिने भोपळा धान्याच्या पोत्यामागे लपवला. आईला दाखवायचं म्हणजे तिच्या हातातली शेवटची काठी काढून घ्यायची. पोरगी तर परत येणार नव्हती. मग त्या बाईला सुखाने भ्रमात का राहू देऊ नये, असं तिने दोन दिवस स्वतःला समजावलं.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, शेजारच्या पार्वतम्मा आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. “चंद्राबाई, आमच्या सुधारानीचे डोळे पिवळे झालेत. पाचवा लागलाय तिला. मुलगा म्हणतो दवाखान्यात नेऊ, मी म्हणलं आधी माळ. रविवारी तुम्ही संगं चला की. तुम्हाला जागा म्हाईत हाय.”

“चला की,” चंद्रभागाबाई म्हणाल्या. “लौकर जाऊ. माझ्या पोरीला उशीर झाला, तुमच्या सुनंला व्हायला नको.”

मंजुश्री उठली, पोत्यामागून भोपळा काढला आणि आईच्या पुढ्यात आणून ठेवला. त्याच्या गळ्यातली माळ जमिनीवर लोळत होती.

“हे काय गं?” चंद्रभागाबाईंनी विचारलं.

“माळ हाय, माय. मी बांधली. मंतर न्हाई, काई न्हाई. तरी लांबली. काड्या वाळत्यात, दोरा सुटतो, माळ वाढती. पिंकीची माळ बघ, खुंटीवर हातभर वाढलीय. पिंकी गेल्यावर वाढलीय.”

चंद्रभागाबाई उठून खुंटीपाशी गेल्या. माळ हातात घेऊन त्यांनी विती मोजल्या, जशा रोज सकाळी लेकीच्या अंगावर मोजत होत्या. मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. पार्वतम्मा दाराशी उभ्या होत्या.

“मंजू,” चंद्रभागाबाई पाठमोऱ्याच बोलल्या, “म्हंजे त्या पाच दिसांत माळ काईच करत नव्हती?”

“न्हाई, माय.”

“सोमवारी बीदरला नेली असती तर पोरगी वाचली असती?”

मंजुश्रीला खोटं बोलता आलं असतं. “सांगता येत न्हाई. पोटुशीची कावीळ डॉक्टरलाबी कधीकधी आवरत न्हाई. पण वाचायची संधी मिळाली असती. ती आपण तिला दिली न्हाई. तू बी न्हाई अन् मी बी न्हाई.”

चंद्रभागाबाई खुंटीखाली बसल्या आणि पिंकी गेली त्या दिवशीही रडल्या नव्हत्या अशा रडल्या. मंजुश्री त्यांना धरायला गेली तर त्यांनी तिचा हात झिडकारला. मग थोड्या वेळाने तोच हात त्यांनी ओढून घट्ट धरला. डोळे पुसून त्या पार्वतम्मांना म्हणाल्या, “रविवार कसला बघता? सुनंला आत्ता गाडीत घाला. मी येते संगं.” त्याच दुपारी सुधारानी बीदरला दाखल झाली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, वेळेत आणलं म्हणाले, आणि ठेवून घेतलं.

रविवारी चंद्रभागाबाई मंजुश्रीला घेऊन आमराईत गेल्या. रांगेत न थांबता त्या सरळ चटईपाशी गेल्या आणि पिंकीची माळ अमृतप्पासमोर धरली.

“ओळखलीस का, आप्पा? माझ्या लेकीची हाय. लेक गेली.”

अमृतप्पाने सुस्कारा सोडला. “सुई टोचली असंल, मावशी. मी आधीच सांगितलं होतं. सुई टोचली की मंतर फुटतो.”

“टोचली. शुक्रवारी टोचली आन् त्याच दुपारी ती गेली. त्याच्याफुडं ही माळ माझ्या घरच्या खुंटीवर हातभर वाढली. फुटलेला मंतर कसा काय वाढला? खुंटीला कावीळ झाली होती का?”

रांगेत मागे कुणीतरी फिसकन हसलं. अमृतप्पा म्हणाला, “मावशी, दुःखाने तुमचं डोस्कं फिरलंय.”

“फिरलंय की. पण बोटं मोजायची इसरली न्हाईत.”

मंजुश्रीने भोपळा चटईवर ठेवला. ओल्या फडक्यातली माळ त्याच्या शेजारी ठेवली, आणि काडी वाळते कशी, दोरा सुटतो कसा, हे वर्गात सांगावं तसं सांगितलं. लोकांनी वाकून पाहिलं, बोटांनी वेढे हलवून पाहिले. एक म्हातारा म्हणाला, “पण माझा भाऊ या माळेने बरा झालाय, बाई.” मंजुश्री म्हणाली, “मामा, बहुतेकांची कावीळ आराम केला, नीट खाल्लं-पिलं की आपोआप उतरती. तुमचा भाऊ माळंशिवायबी बरा झाला असता. ज्यांची आपोआप उतरत न्हाई, तेच माळंच्या नादात मरत्यात. कोण कुठला, ते फकस्त तपासल्यावर कळतं.”

लोक ताबडतोब उठून गेले असं काही झालं नाही. दोन जीपगाड्या वळल्या, बाकीचे तिथेच बसून राहिले, आणि चटईवरचे हात थोड्या वेळाने पुन्हा काड्या तोडू लागले. मग चंद्रभागाबाई रांगेच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून घेतला आणि येणाऱ्या प्रत्येक आईला त्या हलक्या आवाजात सांगू लागल्या.

“बाई, डोळे पिवळे दिसले की दवाखान्यात जा. पोटुशी असंल तर त्याच घडीला जा. माळ बघायची हौस असंल तर घरी भोपळ्याला बांधून बघ, घेटुळी बांधावर फुकट हाय. पण लेकराला बांधू नको. मी रोज सकाळी माळ मोजत होते. पोरीकडं बघायचं राहून गेलं माझं.”