ओटीच्या दिवशीची आंघोळ

सुनेच्या खांद्यावरून तेल खाली ओघळलं, ते पुसायला रुक्मिणीबाईंनी हात फिरवला आणि बोटांना छातीखालची शिवण लागली. लांब, वळलेली. तिच्या कडेने कातडी काळवंडली होती. वर स्तनाग्राभोवतीचं वर्तुळ तर तव्याच्या बुडासारखं काळं झालेलं.

"हाई काय शे?"

वत्सलाने मान खाली घातली. सातवा महिना. दुपारी माहेरची माणसं ओटी भरायला येणार होती.

"आप्रेसन. लगीनना पहिले, सुरतले. एक बाजू लई मोठी व्हती, पोरी हसेत. सारखं करी लिधं."

"आनि हाऊ कायपना?" रुक्मिणीबाईंनी काळ्या वर्तुळावर बोट ठेवलं.

"आते आते उनं, माय. माले माहीत नही."

सारखं करून घेतलं म्हणे! शोभेसाठी कुणी अंगाला सुरी लावतं होय? रोगच असणार, लपवून गळ्यात मारला. आता तो पसरतोय आणि हेच दूध बाळाच्या पोटात जाणार. माझ्या पोराला, चुनीलालला, ही खुळा करून ठेवेल! रुक्मिणीबाईंनी मनाशी पक्कं केलं, आज ज्या बैलांच्या दमणीतून माहेरची माणसं येतील, तिच्यातच ही परत जाईल.

एवढ्यात म्हसावदच्या दवाखान्यातली नर्स निर्मलाबाई तपासायला आली. रुक्मिणीबाईंनी तिला थेट न्हाणीतच ओढलं. तिने शिवण दाबून पाहिली, काळं निरखलं आणि हसली.

"जखम कधीच भरलीय. आणि हा काळेपणा गरोदरपणाचा, बाळंतपणानंतर उतरतो. तुम्हाला नव्हता आला?"

"मी गोरी व्हती. मले काहीच जायं नही."

"गोऱ्या बाईला तर जास्तच उठून दिसतो. पहिलटकरणीसारखं काय बोलता!"

निर्मलाबाई हात धुवायला बाहेर गेली. रुक्मिणीबाईंची स्वतःची कूस कधीच उजवली नव्हती. तीस वर्षांपूर्वी त्या नवापूरला बहिणीकडे सहा महिने राहिल्या होत्या. बहीण बाळंतपणात गेली आणि त्या चुनीलालला कुशीत घेऊन परतल्या. कुणाचं पोर, हे गावात कुणीच विचारलं नव्हतं.

वत्सलाने मान वर केली. मघापासून जी संशयाची नजर सासूची होती, ती आता तिच्या डोळ्यांत होती. 'मले काहीच जायं नही' हे तिने नीट ऐकलं होतं. बाहेर दमणीची घुंगरं वाजली.

"मी काही इचारत नही, माय," ती म्हणाली.

रुक्मिणीबाईंनी लुगडं उचललं आणि पदर शिवणीवर नीट ओढून दिला.

"चाल लवकर," त्या म्हणाल्या. "ओटी भरनी शे."